सोवळ्यातलं ऑडिट

आमच्या सरांचं ठाम मत होतं, की मुली हिशेब चांगला लिहितात पण माल मोजू शकत नाहीत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फॅक्टरीत धूळ असते, गोदामात उंदीर असतात, बस लवकर मिळत नाही, असं काहीबाही पुटपुटायचे आणि माझ्यापुढे व्हाउचरांचा आणखी एक गठ्ठा सरकवायचे. मी मुकाट्यानं हिरव्या पेन्सिलीनं खुणा करत बसायची. मुकाट्यानं म्हणजे तोंडानं मुकाट्यानं. मनात मी सरांना त्यांच्याच गोदामात उंदरांसोबत कोंडून टाकलेलं असायचं.

सरांचं ऑफिस काचीगुड्याला. खाली झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान, वर आम्ही. बी.कॉम.ची शेवटची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते, तेव्हा बाबांच्या ओळखीतल्या कुणीतरी गळ घातली आणि सरांनी मला उन्हाळ्यापुरतं बिनपगारी ठेवून घेतलं. सीए व्हायचं तर एखाद्या सीएच्या हाताखाली काही वर्षं आर्टिकल म्हणून राबावं लागतं. सुट्टी संपताना सर ठरवणार होते, मला आर्टिकल म्हणून घ्यायचं की नाही. घेतलं तर मी सीए होणार होते. नाही घेतलं तर बी.एड. करणार होते, कारण बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरात मुलींसाठी बी.एड. नेहमी तयारच असायचं.

"शिक्षिकेला काय कमी आहे?" बाबा म्हणायचे. "उन्हाळ्याची सुट्टी, दसऱ्याची सुट्टी. हे सीए-बीए काय की बाबा, आपल्यात कुणी केलं नाही."

पुण्याची आत्या आली की आमचं हे 'काय की' ऐकून कपाळाला हात लावायची. पण बाबांचं खरंच होतं. आमच्यात कुणी केलं नव्हतं. म्हणूनच मला करायचं होतं. एवढा सरळ हिशेब बाबांना का कळत नव्हता, कोण जाणे.

तो काळ मोठा मजेचा होता. दिल्लीत बरंच काय काय उघडलं होतं म्हणे, आणि आमच्या ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला एकाएकी एक्स्पोर्ट करायचं होतं. कोलंबी पाठवणारे यायचे, ग्रॅनाइट पाठवणारे यायचे, गुलाबाची फुलं विमानात घालून पाठवणार म्हणणारे एक गृहस्थ यायचे, त्यांच्याकडे अजून गुलाबाचं एकही झाड नव्हतं. आमच्या गल्लीतला शिंपीसुद्धा "एक्स्पोर्ट क्वालिटी" म्हणून ब्लाउजचे जास्त पैसे मागायला लागला होता.

तर असाच एक क्लायंट होता लोणच्याचा. दिलसुखनगरच्या पुढे, शेवटच्या बसथांब्याहून आणखी आत, त्यांची फॅक्टरी होती. आवकाया करायचे. आवकाया म्हणजे आंध्राचं आंब्याचं लोणचं, लाल, मोहरीचं, खाणाऱ्याच्या कानातून धूर काढणारं. त्यांना अमेरिकेची ऑर्डर आली होती. बँक जादा कर्ज द्यायला तयार होती, पण नव्या मॅनेजरची अट अशी, की ऑडिटरनं स्वतः आत जाऊन, बरण्या उघडून माल पाहिला असं लिहून द्यावं. नेमके तेव्हा ऑफिसातले सगळे आर्टिकल परीक्षेच्या रजेवर. उरलो आम्ही दोघं शिकाऊ, मी आणि चारमिनारच्या पलीकडून येणारा एक लंबूटांग मुलगा. सर आमच्याकडे बघत बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"तुम दोनों जाओ," शेवटी ते म्हणाले. सर तेलुगू, पण आमच्याशी हैदराबादी हिंदीत बोलायचे. मग माझ्याकडे बोट केलं. "तू अंदर जाके गिनना. बाहर खड़े रहके नहीं. लड़कियाँ बाहर खड़े रहके लिख लेते, वो मेरेकू नक्को. ये करके दिखाई तो फिर बात करेंगे." आणि आम्ही जिना उतरताना वरून ओरडले, "और सुनो! जो डब्बा वो लोग छोड़ दो बोलते, वोइच खोलना!"

मी दोन दिवस हवेत होते. आणि मोजणीच्या दिवशी सकाळी उठले तर मला कावळा शिवलेला.

इथे आमच्या घरातली लोणच्याची राज्यघटना सांगायला हवी. आईचं लोणचं उन्हाळ्यात एकदाच व्हायचं आणि ते वर्षभर टिकायचं, कारण त्या दिवसांत बरणीला शिवायचं नाही हा नियम आमच्याकडे पोलिसांच्या नियमापेक्षा कडक होता. बाकीचं सोवळंओवळं शहरात येऊन बरंच सुटलं होतं. बाहेर बसणं नव्हतं, वेगळं ताट नव्हतं. पण लोणचं नाही म्हणजे नाही. एकदा आत्यानं लग्नाआधी न सांगता बरणीला हात लावला होता, आणि आठवड्यात लोणच्यावर पांढरा बुरा चढला होता. ही गोष्ट मी जन्मल्यापासून ऐकत आले होते. आत्यानं ओला चमचा घातला असेल, असं मला कॉलेजात गेल्यावर वाटायला लागलं होतं. पण वाटणं वेगळं आणि बरणीला हात लावणं वेगळं. मी कधी लावला नव्हता.

"आज तरी जाऊ नको," आई डबा भरताना हळूच म्हणाली. "पोट दुखत असेल. कसला तो माल मोजायचाय?"

"आहे काहीतरी," मी म्हटलं.

"काहीतरी म्हणजे?"

"मसाल्याचं वगैरे." ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. आईला लोणचं म्हणून सांगितलं असतं, तर तिनं मला दाराला बांधून ठेवलं असतं.

बसमध्ये मी खिडकीशी बसून माझ्या भवितव्याचा विचार केला. साऱ्या हैदराबादेत शेकडो फॅक्टऱ्या. पंखे होते, औषधं होती, बॅटऱ्या होत्या. देवानं मला माल मोजायची पहिली संधी दिली ती लोणच्याची, आणि दिवस काढला तो हा. शिवाय मला खरंच भीती वाटत होती. मला दिसत होतं, की अमेरिकेत कुणीतरी तेलुगू बाई हौसेनं बाटली उघडते आहे, आत पांढरा बुरा आहे, ती किंचाळते आहे, मग चौकशी, मग कंपनी बुडाली, बँक बुडाली, आणि चौकशी मागे मागे येत बरकतपुऱ्यात आमच्या दारात. हे सगळं मूर्खपणाचं आहे हे मला कळत होतं. कळून भीती जात असती तर काय हवं होतं.

शेजारी तो लंबूटांग झोपला होता. त्याला यातलं काही सांगण्यासारखं नव्हतं.

फॅक्टरी म्हणजे एक मोठं कौलारू घर, मागे विहीर, पुढे अंगण. अंगणात बायकांचा मोठा घोळका मिरच्यांची देठं खुडत बसलेला आणि कट्ट्यावर मिरच्यांचे लालभडक ढीग वाळत घातलेले. मालक चाळिशीचा, गोड माणूस, एका हातात कॉर्डलेस फोन. त्यानं आम्हाला लिंबाचं सरबत दिलं आणि लोणच्याचं लेबल दाखवलं. लेबलावर पांढऱ्या साडीतल्या एका म्हाताऱ्या बाईचा फोटो होता, चेहरा असा की लोणच्यानंच तिला घाबरावं.

"हमारी अम्मा," मालक अभिमानानं म्हणाला. "पूरा मडी में बनाते. मडी मालूम ना?"

मडी म्हणजे सोवळं. मला चांगलंच मालूम होतं.

"अम्मा बाहर का पानी भी नहीं पीते," तो सांगत होता. "चाय नहीं, होटल नहीं, ब्रेड नहीं. अपने हाथ का छोड़के कुछ नहीं. अमेरिका वाले फोटो देखकेच ऑर्डर दिये."

लोणच्याची खोली आतल्या बाजूला होती आणि तिच्या दारात, लाकडी पाटावर, साक्षात लेबल बसलेलं होतं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. म्हातारीनं आम्हा दोघांना नखशिखांत न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला.

"स्नानं अय्यिंदा?"

आंघोळ झाली का? लंबूटांगाला तेलुगू येत नव्हतं, मी भाषांतर केलं. त्याचा चेहरा पडला. तो काही वाईट मुलगा नव्हता, पण त्या उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी यायचं आणि आजचा दिवस त्यांच्या गल्लीचा नव्हता.

"परसों करा," तो प्रामाणिकपणे म्हणाला. हैदराबादेत परसों म्हणजे परवाही असू शकतो आणि गेल्या दिवाळीतही.

हे म्हातारीला भाषांतराशिवाय समजलं. तिनं विहिरीकडे बोट केलं.

खरं तर माझी आंघोळ झाली होती. न्हाऊनच निघाले होते. मी सरळ हो म्हणून आत जाऊ शकले असते, तिनं विचारलं होतं तेवढ्याचं ते खरं उत्तर होतं. पण तिची नजर माझ्यावर आली आणि मी एक पाऊल मागे सरले. चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "पहिल्यांदा याला जाऊ द्या. मी दारातून लिहून घेते." म्हटलं आणि लगेच सरांचं वाक्य आठवलं, लड़कियाँ बाहर खड़े रहके लिख लेते. इतका संताप आला स्वतःचा, की सांगता सोय नाही.

लंबूटांगाला विहिरीवर नेलं. तो रहाटाशी झटापट करत ओरडत होता आणि मिरच्या खुडणाऱ्या बायका माना वळवून वळवून हसत होत्या. मग मालकाची धुतलेली लुंगी नेसून, वर पंचा पांघरून तो अवतरला. पण आत कसला सोडते म्हातारी? लोणच्याला पाण्याचा थेंब चालत नाही. आंघोळ हवी, पण अंग कोरडं खडखडीत हवं. त्याला उन्हात उभं केलं. मे महिन्यातलं ते ऊन, क्षणात वाळला. पण वाळला तसा घाम आला. घाम म्हणजे पुन्हा पाणीच. म्हातारीनं मान हलवली. त्याला सावलीत आणलं, एका बाईनं सुपानं वारा घातला, घाम सुकला, म्हातारीनं त्याच्या कोपराला बोट लावून पाहिलं आणि कुलूप उघडलं.

"अंदर जाके आवाज देना," मी दारातून म्हटलं, वही उघडून. "मैं लिखती."

तो आत गेला. पहिल्या बरणीचं फडकं सोडलं. आत तिखट, मोहरी आणि मेथी यांचा जो काय दर्प कोंडलेला होता, तो सगळा त्याच्या नाकात गेला. आणि त्याला शिंक आली.

म्हातारी पाटावरून अशी उठली, की तिच्या वयाला ते शोभलं नाही. दुसरी शिंक यायच्या आत तिनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं होतं. तिसरी, चौथी, पाचवी त्यानं अंगणात दिली. नंतर कुणी मोजल्या नाहीत. मालक फोन हातात धरून "अय्यो, अय्यो" करत त्याच्याभोवती फिरत होता.

त्याचे हाल एवढ्यावर संपले नाहीत. आंघोळीला जाताना त्यानं आपली पँट कट्ट्यावर टाकली होती, मिरच्यांच्या ढिगाशेजारी, आणि वाऱ्यानं ती ढिगात लोळून आली होती. ती त्यानं झटकली आणि घातली. पुढे काय झालं ते मी सांगत नाही. एवढंच सांगते, की संध्याकाळी परतताना बस अर्धी रिकामी होती आणि तो काचीगुड्यापर्यंत उभ्यानं आला.

तर आता दारात मी आणि म्हातारी. तिनं मला खूण केली.

"लोपलिकि रा."

आत ये.

मी तिथेच उभी. एका पायरीचा प्रश्न होता. आत गेले तर आवकाया, अमेरिका आणि आत्याचा बुरा. नाही गेले तर बी.एड. मला दिसायला लागलं, की मी वर्गात उभी आहे, फळ्यावर बेरजा लिहिते आहे आणि दसऱ्याच्या सुट्टीची वाट बघते आहे. शिक्षिकांचा अपमान म्हणून नाही सांगत, पण त्या क्षणी मला रडू यायचंच बाकी होतं. आणि मग राग आला. कुणाचा ते नीट कळलं नाही. सरांचा, कावळ्याचा, आत्याचा, सगळ्यांचाच. त्या रागाच्या भरात 'झालीय माझी आंघोळ' म्हणत मी पायरी चढले.

आत थंड, अंधारं. बरण्यांच्या रांगाच रांगा, माझ्या कमरेएवढ्या उंच, वरून तपकिरी, खालून पांढऱ्या, तोंडाला कोरी फडकी बांधलेल्या. म्हातारीनं एक लाकडी पट्टी दिली, ती बरणीत खाली घालायची आणि लोणचं कुठवर आहे ते बघायचं. पहिलं फडकं सोडलं. झाकण काढलं. लाल तेलाखाली आवकाया शांत होतं. माझ्याकडे बघून ते नासलं नाही, उसळलं नाही, काही नाही. मी पट्टी घातली, पाहिलं, पुसली, लिहिलं. दुसरी बरणी. तिसरी. एक रांग झाली, दुसरी झाली. मला चक्क मजा यायला लागली. म्हातारी माझ्यामागे फडकी बांधत येत होती आणि मी ओढणी कमरेला खोचून लोणचं मोजत होते, अगदी पुरुषासारखी, नव्हे, पुरुष तर बाहेर शिंकत होता.

शेवटच्या रांगेच्या शेवटी, कोपऱ्यात, एक बरणी जरा वेगळी होती. तिचं फडकं जुनं होतं.

"पाता आवकाया," म्हातारी म्हणाली. जुनं लोणचं आहे. ती सोड.

जो डब्बा छोड़ दो बोलते. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, की अम्मा, बघावं लागेल.

"त्यात काही नाही."

"नाही तर नाही लिहिते."

तिनं माझा हात धरला. मी सोडवला. आज मी इतकं काही केलं होतं, की आता एका बरणीनं काय होणार होतं? फडकं सोडलं, झाकण काढलं आणि पट्टी आत घातली. पट्टी लोणच्यात शिरते तशी शिरली नाही. कुरकुर आवाज आला.

मी हात घातला. वर्तमानपत्राचा पुडा. पुड्यात उस्मानिया बिस्किटं. इराण्याच्या बेकरीतली, ताजी, लोण्यानं कागद पारदर्शक झालेला. खाली आणखी एक पुडा, त्याखाली आणखी एक. लेबलावरची बाई, जी बाहेरचं पाणी पीत नव्हती, तिची अर्धी बरणी इराण्याची होती.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. बाहेरून शिंका ऐकू येत होत्या. म्हातारीचा चेहरा लेबलावरच्यासारखा राहिलेला नव्हता. दूध सांडलेल्या पोरीसारखा झाला होता.

"रायकु," ती म्हणाली. लिहू नकोस.

मी सांगितलं, की लिहावं तर लागेल, सगळ्याच बरण्या लिहायच्या आहेत. पण काय आहे ते नाही लिहिणार. आणि वहीत लिहिलं, 'एक बरणी. लोणचं नाही. कंपनीचा माल नाही. मोजणीत धरली नाही.' तिला तेलुगूत वाचून दाखवलं. तिनं ते दोनदा ऐकलं आणि सुस्कारा सोडला. मग पुड्यातलं एक बिस्कीट काढून माझ्या हातावर ठेवलं. मोहरीचा वास मारणारं उस्मानिया बिस्कीट मी आयुष्यात तेवढं एकच खाल्लं. फार छान लागलं.

का कोण जाणे, मग मला राहवलं नाही. तिचं गुपित माझ्याकडे आणि माझं माझ्याचकडे, हे बरोबर वाटेना. मी म्हटलं, "अम्मा, मी आज बाहेरची आहे. मी सगळ्या बरण्या उघडल्यात."

"तेलुसु," ती म्हणाली. ठाऊक आहे. "दारात त्या पोराला पुढं ढकलत होतीस तेव्हाच कळलं."

"मग लोणचं?"

"लोणच्याला काय कळतंय? मीठ आणि तेल बरोबर असलं की झालं." तिनं अंगणाकडे हनुवटी केली. "इतक्या बायका काम करतात. त्या काय देवाघरून सूट घेऊन आल्यात?"

मी थक्क. "मग दारात बसून आंघोळ का विचारता?"

"आंघोळ विचारली," म्हातारी म्हणाली, "की आत कुणी येत नाही." मग बरणीकडे बघून एकदम खेकसली. "मूत पेट्टु! मेत्तबडिपोतायि!"

झाकण लाव. मऊ पडतील.

दुसऱ्या दिवशी सरांनी मोजणीचा कागद वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ये क्या है? अचार नहीं, कंपनी का माल नहीं. फिर क्या था?"

"उनका खुद का सामान, सर."

"सोना?"

"नहीं सर."

"कॅश?"

"नहीं सर. अम्मा नक्को बोले बोलने को. लोन का कुछ संबंध नहीं है उससे."

सर चष्म्यावरून बघत राहिले. मी व्हाउचरांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. कोपऱ्यात लंबूटांग उभा होता, बसायला अजून तयार नव्हता. आता सर ओरडणार, किंवा त्याहून वाईट, काही न बोलता पुढचा गठ्ठा सरकवणार, असं मला वाटत होतं. तेवढ्यात फोन वाजला. लोणच्याचा मालक. सर तेलुगूत बोलले, ऐकलं, पुन्हा ऐकलं, फोन ठेवला.

"अम्मा बोले, अगले साल भी ये लड़कीकोच भेजो. दूसरे कोई को नक्को भेजो, तुम्हारे यहाँ के मर्द लोगाँ नहाते नहीं बोले." सरांनी मोजणीचा कागद पुन्हा उचलला. "मैं कितने साल से जा रऊँ उधर. मेरेकू हर साल दरवाजे से दिखाके भेज दिये. तू अंदर कैसे गई?"

"स्नान पूछे सर. हुआ बोली."

सरांनी चष्मा काढून पुसला. पुसता पुसता स्वतःशीच म्हणाले, "मैं भी तो नहाके जाता था." मग त्यांनी खण उघडला, आर्टिकलचा फॉर्म काढला आणि माझ्यापुढे सरकवला. "भर. अगले साल तूइच जाना है तो रखना पड़ता ना." व्हाउचरांचा गठ्ठा त्यांनी उचलून लंबूटांगासमोर ठेवला, आणि तो बिचारा उभ्या उभ्याच हिरव्या खुणा करायला लागला.

मला इतका आनंद झाला, की मी फॉर्मवर बाबांच्या नावाच्या जागी माझंच नाव लिहिलं आणि नवा फॉर्म मागून घ्यावा लागला.

लोणच्याची एक छोटी बरणी मालकानं आम्हाला भेट दिली होती. लंबूटांगानं आपला हक्क सोडला, त्याला तो वास सहन होत नव्हता. बाबांनी पहिल्या घासाला डोळे पुसले, म्हणाले तिखटानं आलं, आणि आपल्या ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की मुलगी सीए करते आहे, जणू कल्पना त्यांचीच. बरणी वर्षभर पुरली. कारण ते लोणचं चमचाभरापेक्षा जास्त खाणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

पुढल्या उन्हाळ्यात मोजणी परवावर आली आणि त्याच सकाळी मला पुन्हा कावळा शिवला. आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर उभं राहून बोटांवर काहीतरी मोजलं आणि तिचा चेहरा गंभीर झाला. आता तिला ठाऊक होतं, की फॅक्टरी कशाची आहे.

"ही तारीख तुला जमायची नाही," ती म्हणाली. "सांग तुझ्या सरांना पुढं ढकलायला. त्यांच्यातलं सोवळं फार कडक असतं गं. उगाच नाही बघ वर्षभर टिकलं त्यांचं लोणचं." आणि बरणीत चमचा घालून तळाची शेवटची फोड काढायला लागली.

बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी आईच्या जवळ गेले आणि मागल्या वर्षी ती तारीख कशी होती ते तिला सांगितलं. सगळ्या रांगांसकट सांगितलं. फक्त शेवटच्या बरणीचं सांगितलं नाही, ते क्लायंटचं होतं.

आईचा चमचा हवेतच राहिला. तिनं बरणीकडे पाहिलं. फोडीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बरणी जाते कचऱ्यात. मग तिनं ती फोड सावकाश स्वतःच्या भातावर घेतली, वरून तेल निथळू दिलं, आणि आमच्या घरातली उंच फळीवरची, आईची स्वतःची बरणी खाली काढून माझ्या हातात दिली. मी ती त्या दिवसांत कधी धरली नव्हती. चांगलीच जड होती.

"वाढून घे," ती म्हणाली. "बाबांना सांगू नको. आणि झाकण लाव."